सोफा धुवायला देण्याआधी कापड कसं तपासावं?

तुम्ही विचारलंय, टिळकवाडीतल्या घरी मशीनने सोफा धुणारा माणूस येणार आहे, रंग जाईल का? आधी गादीची चेन उघडून आतल्या शिवणीत लेबल बघाच. डब्ल्यू म्हणजे पाणी चालतं, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट (ड्रायक्लीनिंगला वापरतात तसं बिनपाण्याचं द्रावण), डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही. एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम. त्या माणसाला ओलं काही लावूच देऊ नका.

लेबल नसेल तर मागे, खालच्या कडेला रुपयाएवढी जागा निवडा. जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि मिनिटभर दाबून धरा. घासू नका. तुकड्यावर रंग उतरला तर तिथंच थांबा. नाही उतरला तर दुसऱ्या जागी तो माणूस वापरणार तेच द्रावण लावून बघा. निकाल मात्र पूर्ण वाळल्यावरच धरा. खानापूरला आत्याच्या मरून मखमलीवर ओलं असताना काहीच दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तपकिरी वळं उमटलं आणि लव कडक होऊन आडवी बसली. व्हिस्कोसच्या (म्हणजे रेयॉनच्या) मखमलीला पाणी असंच बाधतं. बरं झालं, मागच्या बाजूला होतं.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टात वाळायला दोन दिवसही लागतात, घाई नको. पाइपिंगचं, म्हणजे कडेच्या गोल गोटाचं, कापड बऱ्याचदा वेगळं असतं, तेही तपासा. कापड कशाचं आहे हे कळायला धागा जाळून बघायचा तर शिवणीतून काढून, चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटावर, सोफ्यापासून लांब. वितळून गोळी झाली तर सिंथेटिक. जळक्या कागदाचा वास आला तर सुती किंवा व्हिस्कोस.