क्यूसीतून मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे: नोकरी सोडून पीएचडी करावी का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी ॲनालिटिकल झालं, दोन वर्षं औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, एचपीएलसी (मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करणारं यंत्र) चालवतोस, आता मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे रेणूंचं वजन मोजून ते ओळखण्याच्या तंत्रात, संशोधन करायचंय. मग नोकरी सोडून पीएचडीला लागावं, की एलसी-एमएस, म्हणजे ही दोन्ही तंत्रं जोडलेलं यंत्र, असलेली दुसरी लॅब बघावी? वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. माझी एकवीस वर्षं या यंत्रांच्या पंपांची घरघर ऐकण्यात गेली. आधी द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश, नंतर औषधांतल्या अशुद्धी.

दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन तू वर्षभरात यंत्र चालवायला शिकशील. पण सॅम्पल लावणं, बॅच टाकणं, रिपोर्ट काढणं एवढ्यालाच मास स्पेक्ट्रोमेट्री समजू नकोस.

२०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तू तेव्हा शाळेत असशील. कारण होतं क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसिन किंवा सीसीसी म्हणतात ते. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला मारतात. तपासणीच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे कोणी शोधलंही नव्हतं. नेहमीच्या पद्धतीतही ते सापडणं कठीणच. रेणूवर कायमचा धन भार असल्यामुळे तो पाण्यातच राहायला बघतो, सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रावकात, नीट उतरत नाही, आणि उतरला तरी नेहमीच्या सी-१८ कॉलमवर न थांबता सुरुवातीलाच बाहेर पडतो. त्यासाठी सॅम्पल काढायची पद्धत वेगळी आणि कॉलमही वेगळा. ट्रिपल क्वाड, म्हणजे अंश मोजायचं नेहमीचं मास स्पेक्ट्रोमीटर, तर दिलेल्या आकड्यांपलीकडे बघतच नाही. १२२ वजनाचा रेणू तुटून ५८ चा तुकडा येतो का बघ असं सांगितलंस तर बघेल, नाहीतर रिपोर्ट स्वच्छ.

दुसरं उदाहरण तुझ्या क्षेत्रातलं. २०२० मध्ये मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्यांत एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडल्याचा बोभाटा झाला. एका खासगी प्रयोगशाळेचे आकडे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, पुन्हा तपासले, तर ते काही ठिकाणी फुगलेले निघाले. दोष होता डीएमएफचा, साध्या सॉल्व्हंटचा. एनडीएमएचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला रेणू, वजनाच्या पट्टीवर ७५.०५५३ वर येतो. डीएमएफचा ७४.०६०० वर. पण डीएमएफच्या एखाद्या रेणूतला नायट्रोजन जड, म्हणजे १५ वजनाचा असेल, तर तोच आयन ७५.०५७० वर जातो. फरक ०.००१७ चा! दोन्ही कॉलममधून एकत्र आले आणि यंत्राची खिडकी, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा, जरा रुंद ठेवली, की डीएमएफच एनडीएमए म्हणून मोजलं जातं. हा हिशोब एकदा कागदावर स्वतः करून बघ. करताना मजा आली तर या क्षेत्रात ये. कंटाळा आला तर क्यूसीतली नोकरी वाईट नाही, हे मी मनापासून सांगतो.

माझी स्वतःची फजितीही सांगतो. पहिल्या वर्षी मला एका सॅम्पलच्या आलेखात पीक्सची, म्हणजे उंच टोकांची, देखणी रांग दिसली, दर दोघांत वजनाचं ४४ चं अंतर. तीन दिवस मी नवीन काहीतरी सापडल्याच्या तोऱ्यात होतो. लॅबमधल्या जुन्या ऑपरेटरबाईंनी स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "बाटल्या साबणाने धुतल्यास ना?" ती पॉलिएथिलीन ग्लायकॉलची रांग होती, डिटर्जंटमधून आलेली. तेव्हापासून मोबाइल फेजच्या, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाच्या, बाटलीला मी साबण लावू दिलेला नाही. आणि ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवायची कोरी चाचणी, न चालवता कोणी पीक दाखवायला आलं तर मी बघतही नाही.

आता पीएचडीचं. कोइची तानाका शिमाद्झू या जपानी यंत्र कंपनीत इंजिनिअर होते, पदवी इलेक्ट्रिकलची, पीएचडी नव्हती. ग्लिसरीन आणि कोबाल्टची भुकटी चुकून एकत्र झाली ती फेकायला जिवावर आलं म्हणून वापरून बघितली, आणि त्या वाटेने मास स्पेक्ट्रोमेट्रीतल्या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं. हे उदाहरण पीएचडी टाळायला सगळे देतात. आपल्याकडे मात्र सायंटिस्टच्या जागांना आणि कंपन्यांच्या आर अँड डीत वर चढायला बहुतेक ठिकाणी ती पदवी लागते. तेव्हा संशोधनच करायचं असेल तर कर, पण नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधन फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा, काढूनच. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० अधिक घरभाडं मिळतं. फेलोशिपशिवाय पाच वर्षं काढलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या वाटेला जाऊ नकोस. पुण्यात एनसीएल, मुंबईत आयसीटी, हैदराबादला आयआयसीटी, या रसायनशास्त्राच्या संशोधन संस्था आधी बघ.

गाइड निवडताना त्यांचे छापून आलेले शोधनिबंध मोजू नकोस. लॅबमध्ये जा, तिथल्या विद्यार्थ्यांना चहाला घेऊन जा आणि तीन गोष्टी विचार. यंत्र कोण चालवतं, विद्यार्थी स्वतः, की ते नुसतं सॅम्पल देऊन पीडीएफची वाट बघतात? सोर्स, म्हणजे यंत्रात आयन तयार होतात तो भाग, शेवटचा कोणी साफ केला? आणि वीज गेली, व्हॅक्यूम उतरला, तर रात्री कोण येतं? तिन्ही उत्तरं "इंजिनिअर" अशी आली तर चहाचे पैसे देऊन परत ये.

तोवर नोकरी सोडू नकोस. तुमच्या मेथड डेव्हलपमेंट विभागात एलसी-एमएस असेलच. शनिवारी तिथे सॅम्पल तयार करायला हात लागतो का विचार. पिपेट धरायला माणूस त्यांना नेहमीच कमी पडतो.