नाटकातला ऑर्गन आणि चर्चमधला ऑर्गन

प्रश्न : संगीत नाटकांच्या साथीला पायाने भाता मारून वाजवला जाणारा ऑर्गन आणि युरोपातील चर्चमधला पाइप ऑर्गन यांची रचना एकच असते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. नाटकातल्या ऑर्गनमध्ये धातूच्या रीड (पातळ पट्ट्या) कंप पावतात. पाइप ऑर्गनमध्ये मात्र बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात, आणि नळीची लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली उतरत असल्यामुळे खर्जाच्या नळ्या १६, क्वचित ३२ फुटांच्याही असतात. या वाद्याचे मूळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा संशोधक क्टेसिबिअस याच्या, पाण्याच्या दाबाने हवा पुरवणाऱ्या जलऑर्गनमध्ये सापडते. पॅरिसच्या सां-सुल्पिस चर्चमधला ऑर्गन बांधणारे फ्रेंच कारागीर काव्हाये-कोल यांचा १८६२ चा, पाच कळफलकांचा ऑर्गन आपण ध्वनिमुद्रणातून तरी अवश्य ऐकावा.