बागेतली तिरकी वाट

"मॅडम, एका कुत्र्यासाठी एवढं रडणं बरं दिसतं का?" कुत्रं गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे लोक हा प्रश्न आवाज खाली आणून विचारतात. पाठोपाठ दुसरा येतो, "दुसरं पिल्लू आणलं तर त्याच्याशी बेइमानी होईल ना?" गेल्या काही महिन्यांत ही जोडगोळी इतक्यांदा ऐकली की शेवटी लिहायला बसले. ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांची परवानगी आहे, नावं बदलली आहेत.

नाना निवृत्तीनंतर पत्नीसह खेड्यात राहायला गेले. मोठी बाग आणि दोन कुत्री, खंड्या नि चिमी. खंड्या १३ वर्षांचा होऊन गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, शेवटचं इंजेक्शन द्यायचा निर्णय नानांचा. "सही मी केली," हे पहिल्या तीन भेटींत त्यांनी किती वेळा म्हटलं असेल! हाल थांबवणं हीसुद्धा सेवाच, असं मी सांगत राहिले. ते सभ्यपणे मान डोलवायचे. माझं बोलणं दारातूनच परत येत होतं.

चौथ्या भेटीत, खरं सांगायचं तर मीच थकले होते म्हणून, विचारलं, "बाग काय म्हणते?"

त्यांनी टेबलावरचा कागद ओढला. वाफे काढले, कुंपण काढलं आणि घेवड्याच्या वाफ्यातून एक तिरकी रेघ मारली. "ही खंड्याची वाट. मागच्या दारातून सुटायचा तो थेट फाटक. काठ्या रोवल्या, जाळी लावली, पठ्ठ्या ऐकेल तर शपथ. माती तुडवून तुडवून दगड झाली, पाणी मुरेना. शेवटी मीच वाफ्याचे दोन तुकडे केले." बोलता बोलता हसले. मग पेन्सिल खाली ठेवली. "आता बघवत नाही ती वाट. कण्हेर लावून टाकतो तिथे. पहिल्यापासून हौस होती, पण विषारी ना ती. कुत्र्यांच्या तोंडात गेली म्हणजे? म्हणून इतकी वर्षं लावली नाही."

मी एवढंच म्हटलं, "आणि चिमी?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ती रोज सकाळी त्याच वाटेने फाटकापर्यंत जाते. बसते. परत येते. मी खिडकीतून बघतो." आणि मग, कागदावरची रेघ बोटाने पुसत असल्यासारखं करत, "खंड्या गेल्यापासून तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही मी. वाटतं, हाताला तिची सवय झाली की त्याची जाईल."

तिथे ते रडले. मी पाणी पुढे केलं नाही, समजावलं नाही, गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. नवखी असताना मला ते जमलं नसतं.

तीन भेटी मी इंजेक्शनच्या मागे लागले होते आणि गाठ होती हातात. आठवण टिकवायची तर जिवंत प्रेम बंद ठेवायचं, असा करार नानांनी स्वतःशीच केला होता. पिल्लू आणावं का, हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनी तो केलेला असतो.

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) हल्ली सगळ्यांना पाठ असतात. १९६९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांकडे बघून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असतात, असं मी तरी मानत नाही. मला १९९६ मध्ये दुःखाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला विचार जवळचा वाटतो. गेलेल्याशी नातं तोडावं लागत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं. आणि रडणं बरं दिसतं का, म्हणाल तर याच विषयाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्येच अशा दुःखाला 'डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ', म्हणजे हक्क नाकारलेलं दुःख, असं नाव दिलं होतं, ज्याला समाज दुःख म्हणून मोजतच नाही. त्यात कुणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही. म्हणून ते जास्त दिवस आत राहतं.

घरात दुसरं कुत्रं असेल तर आधी त्याच्याकडे बघा. जोडीदार गेल्यावर कुत्री कमी खातात, जास्त झोपतात, शोधत फिरतात. खाण्याच्या आणि फिरण्याच्या वेळा मोडू नका. खाणं दोन दिवस बंदच झालं तर मात्र दुःख समजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. पिल्लाचा विचार त्यानंतर. त्याच रंगाचं, त्याच नावाचं शोधत असाल तर अजून थांबा, कारण तुम्हाला कुत्रं नकोय, तेच कुत्रं हवंय. आणि मागे राहिलेल्याला औषध म्हणून तर पिल्लू अजिबात आणू नका. म्हातारं कुत्रं आधीच थकलेलं असतं.

नानांना मी एकच काम दिलं. सकाळी खिडकीतून बघायचं नाही, चिमीबरोबर फाटकापर्यंत जायचं. पहिले काही दिवस, त्यांच्याच शब्दांत, "दोघं परक्यासारखे चाललो."

कण्हेर लावलीच नाही. वाट तशीच आहे, दोन्ही कडांना झिनिया लावलाय आणि चिमी त्यात खुशाल लोळते. पिल्लाचं विचारलं तर "बघू" म्हणाले. "झाडं मोडली की मी ओरडतो, मॅडम. तोंडात खंड्याचंच नाव येतं. तरी चिमी उठून येते."