ओहोटीत अडकलेली व्हेल शार्क

प्रश्न : रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढताना व्हेल शार्क जाळ्यात आली. ओहोटी लागलेली, मासा गुडघाभर पाण्यात वाळूला टेकला. शेपटीला दोर बांधून होडीने खेचावा का? – एक वाचक, मालवण

उत्तर : शेपटीला दोर बांधू नका. मुशीचा, म्हणजे शार्कचा, सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो; एवढ्या वजनाला शेपटीकडून हिसका बसला की मणके निखळतात. शिवाय उलटे ओढल्यावर पाणी कल्ल्यांच्या फटींतून चुकीच्या बाजूने आत शिरते आणि सुटलेला मासा पुढे जाऊन मरतो.

घाई करायची ती वेळेसाठी. आपल्याकडे एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. तोवर ही मुशी तग धरत नाही, कारण पाण्याबाहेर कल्ले एकमेकांना चिकटतात आणि फासळ्यांचा आधार नसल्याने स्वतःच्याच वजनाखाली आतले अवयव दबतात. म्हणून आहे त्या पाण्यातच काम उरका. आधी जाळे कापा. मग डोक्यापुढची वाळू उपसून समुद्राकडे चर काढा आणि लाटेच्या जोरावर तोंड हळूहळू खोल पाण्याकडे वळवा. ओढावेच लागले तर छातीच्या परांमागून (पोहण्याच्या पंखांमागून) रुंद ताडपत्री किंवा पट्टा घाला. बारीक दोर कातडीत रुततो. होडी अगदी संथ चालवा, तोंड पुढेच राहू द्या. अंगावर ओले गोणपाट चालेल, पण डोक्यामागे दोन्ही बाजूंना असलेल्या पाच-पाच फटी झाकू नका. तिथे समुद्राचेच पाणी ओतत राहा. हा मासा चावत नाही, प्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, जगतो. धोका शेपटीचा, तेव्हा मागे कोणी उभे राहू नये.

प्रश्न : जाळे कापल्याचे नुकसान कोण भरून देणार?

उत्तर : व्हेल शार्क २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागले तर महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना २०१८पासून आहे. सोडवतानाचे फोटो लागतात, म्हणून एकाने मोबाईल धरून ठेवलेलाच बरा. वनविभागाला १९२६वर लगेच कळवा.

प्रश्न : डॉल्फिनलाही हेच उपाय चालतील का?

उत्तर : नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. आधी शेपूट पाहा. उभी असेल तर मासा, आडवी असेल तर डॉल्फिन किंवा देवमासा. त्यांना हवेतून श्वास लागतो. डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. अंग मात्र ओले ठेवा, सावली करा.

प्रश्न : पुढची भरती कधी, हे तक्ता नसताना कसे कळेल?

उत्तर : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या आसपास. थोडा फरक पडतो. उधाणाच्या भरतीत वर आलेला मासा असेल तर लक्षात ठेवा : भांगाकडे (अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढणाऱ्या भरतीकडे) जाताना पुढच्या भरत्या एकूण कमी चढत जातात, तिथपर्यंत पाणी पोचेलच असे नाही.