ब्लॉक बोअर करायचा की बदलायचा? आधी माप घ्या

प्रश्न : माझी 2012 ची स्विफ्ट डिझेल आहे, 1 लाख 90 हजार किमी झालेत. वर्षभरापासून ऑइल खाते, हजार किमीला लिटरभर तरी टाकावं लागतं, चढाला निळा धूर सोडते आणि चालू गाडीत डिपस्टिक काढली की तिथूनही धूर येतो. एक मेकॅनिक म्हणतो बोअर करून (झिजलेले सिलिंडर मशीनवर आतून जरा मोठे कातून) हाफ इंजिन काम करू, 55 हजारात होईल. दुसरीकडे म्हणाले ब्लॉक गेला, नवीन शॉर्ट ब्लॉकच (पिस्टन-क्रँकसकट, हेडशिवायचं इंजिन) टाका, लाखाच्या वर जाईल. तिसरा सेकंडहँड इंजिन आणून 45 हजारात बसवून देतो म्हणतो. बाकी गाडी चांगली आहे, विकायची नाही. काय करू? (एक वाचक, कराड)

उत्तर : दादा, आधी मला सांगा, या तिघांपैकी कुणी इंजिन उघडून मोजलंय का? पत्रावरून तरी कुणीच मोजलेलं दिसत नाही आणि न मोजता 'ब्लॉक गेला' म्हणणाऱ्याच्या हातात लाख रुपये अजिबात देऊ नका. ब्लॉक म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतात ते इंजिनचं मुख्य धड, आणि बोअर म्हणजे त्यातल्या सिलिंडरचा आतला गोल. ब्लॉक राहिला की गेला हे धुराच्या रंगावरून ठरत नाही, ते बोअर गेजवर, म्हणजे हा गोल मोजायच्या मापावर ठरतं.

आणि उघडायच्याही आधी एक काम करा. तुमच्या गाडीला टर्बो आहे, टर्बोचं सील गेलं तरी गाडी अशीच ऑइल पिते आणि निळा धूर मारते. टर्बोकडून पुढे इंजिनला हवा नेणारा पाइप काढून बघा, आत ऑइलचा हलका ओलावा असला तर ठीक, ब्रीदरमधून तेवढं येतंच, पण ऑइल साचून ओघळत असेल तर संशय आधी टर्बोवर घ्या. अर्थात तुमच्या गाडीत डिपस्टिकमधून धूर येतोय म्हणजे बॅक कॉम्प्रेशन आहे, सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली निसटतोय, त्यामुळे रिंग-बोअरची शक्यता जास्त, पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. खात्रीसाठी लीकडाउन टेस्ट करायला सांगा. पिस्टन वर आणून ग्लो प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइल फिलरच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग किंवा बोअर, सायलेन्सरमधून किंवा एअर फिल्टरच्या बाजूनं आली तर वॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट नाहीतर तडा. फार वेळ लागत नाही, कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये होते, पण लोक ती न करता थेट इंजिन उतरवायला बसतात याचं मला फार वाईट वाटतं.

टेस्टमध्ये बोअरच निघाला तर मग हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण काढा, आणि हेड निघेल त्या दिवशी स्वतः गॅरेजमध्ये जाऊन उभे राहा. सिलिंडरच्या वरच्या टोकापासून जरा खाली अंगठ्याचं नख उभं फिरवा. जिथे वरची रिंग वळते तिथेच झीज सगळ्यात जास्त असते, त्याच्या वर पिस्टनची रिंग कधी पोचतच नाही, म्हणून तिथे न झिजलेली कड राहते. नख त्या कडेला अडकलं तर बोअर झिजलाय. भिंतीवर होनिंगच्या (बोअरला दगडानं केलेल्या शेवटच्या बारीक घासणीच्या) फुलीसारख्या बारीक रेषा अजून दिसतात का, की आरशासारखं गुळगुळीत झालंय, हेही बघा. मग डायल बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली अशा 3 ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजायचा, म्हणजे एका सिलिंडरची 6 मापं आणि चार सिलिंडरची 24. तुमच्या 1248 सीसी इंजिनचा मूळ बोअर 69.6 मिमी, त्यापासून कुठला सिलिंडर किती लांब गेलाय ते कागदावर लिहून घ्या. लेथवाला 'झिजलंय' एवढंच सांगत असेल तर दुसरा लेथवाला शोधा.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हा ब्लॉक बिडाचा आहे. बिडाच्या ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँक बसतो त्या मेन बेअरिंगच्या जागा शाबूत असतील तर फक्त झिजलाय म्हणून तो टाकून द्यायचं काही कारण नाही. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे. चारपैकी एकाच सिलिंडरला खोल चर पडला असेल आणि तो ओव्हरसाइझमध्येही साफ होत नसेल तर तेवढ्या एकाला लायनर (आत ठोकून बसवायची नळी) मारून परत स्टँडर्ड मापावर आणता येतं, अर्थात तेव्हा बाकीचे तीन कुठल्या मापावर ठेवायचे याचा विचार आधीच करावा लागतो, सगळे एका मापाचे हवेत. ब्लॉक बदलायची वेळ खरोखर येते ती वेगळ्या गाड्यांत : ऑइलविना चालून बेअरिंग फिरलंय आणि त्याची बैठक खाल्ली गेलीय, रॉड तुटून भोक पाडून बाहेर आलाय, किंवा मेन बेअरिंगच्या भिंतीत तडा आहे. तुमची गाडी अजून रोज चालतेय, आवाजाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर बोअरिंगच केलं असतं.

पार्ट मिळतील का, ही काळजी करू नका. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल बंद केलं खरं, पण हेच इंजिन टाटाच्या व्हिस्टा-मांझात आणि फियाटच्या पुंटो-लिनियात होतं, त्यांचं आपल्या रांजणगावला बनायचं. नवीन पिस्टन आधी आणा आणि मग ब्लॉक लेथवर पाठवा, हा क्रम चुकवू नका, कारण चांगला लेथवाला प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या हिशोबानं बोअर काढतो आणि शेवटचे काही शतांश मिमी होनिंगला ठेवतो. नवी रिंग आधी नुसती बोअरमध्ये सरकवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासायची, हे करायला लोक कंटाळतात. क्रँकची मापं, ऑइल पंप आणि टायमिंग चेन याच कामात बघून घ्या, त्यासाठी इंजिन परत उघडायला लागू नये. आणि डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्या जाडीचं हेड गॅस्केट निवडायचं असतं, मिळेल ते टाकायचं नसतं.

आणि बोअर झिजला कशानं ते शोधल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप चिरलेला असेल किंवा फिल्टर स्वस्तातला लोकल टाकलेला असेल तर धूळ सरळ आत जाते आणि नवे पिस्टन-रिंगसुद्धा तशाच जातील.

सेकंडहँड इंजिनला माझा विरोध आहे. ते किती चाललंय हे कुणी सांगू शकत नाही, म्हणजे 45 हजार देऊन तुम्ही दुसऱ्याची झीज विकत घेणार. वर इंजिन नंबर बदलतो. तो आरसीवर आणि इन्शुरन्सवर असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंदवायला लागतो. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर त्रास तुम्हाला, विकणारा मोकळा. बोअरिंगमध्ये ब्लॉक तोच, नंबर तोच, कागद तेच.

प्रश्न : 2008 ची ओम्नी गरम होऊन बंद पडली. रेडिएटरमध्ये ऑइल आलंय. मेकॅनिक म्हणतो ब्लॉकला तडा आहे, वेल्डिंग करू. टिकेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पाण्यात ऑइल म्हणजे तडा असं लगेच धरू नका, बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं किंवा गरम होऊन हेड वाकलेलं असतं. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं बघा आणि ब्लॉक मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्टला द्या, पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात, तडा असेल तर बुडबुड्यांत लगेच दिसतो.

तडा निघालाच तर तो कुठे आहे यावर सगळं आहे. बाहेरच्या पाण्याच्या भिंतीत असेल तर मेटल स्टिचिंगनं चांगला बंद होतो, त्यात तापवायचं काहीच नसतं, तड्यावर ओळीनं भोकं पाडून पिना घट्ट बसवत जातात. साध्या वेल्डिंगला मात्र नको म्हणा, बीड एकाच जागी तापून गार होताना वेल्डिंगच्या बाजूलाच नवीन तडा जातो. बोअरच्या आत किंवा क्रँकच्या बैठकीत तडा असेल तर ब्लॉक सोडा.

पण चिपळूणच्या दादा, गाडीला 15 वर्षं कधीच उलटलीत. रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं नसेल तर 2022 पासून त्याचीच फी 5000 आहे, वर पर्यावरण कर वेगळा आणि मुदत मिळते ती 5 वर्षांची. त्यामुळे आधी चासी आणि फ्लोअर खालून बघा, कोकणात ते इंजिनच्या आधी गंजतं. पत्रा कुजला असेल तर या इंजिनवर एक रुपयाही घालू नका.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये पाणी येतंय, ब्लॉक बदलायला लागेल का? (एक शेतकरी, बार्शी)

उत्तर : बऱ्याच ट्रॅक्टरना वेट लायनर, म्हणजे बाहेरून पाणी लागणाऱ्या सुट्या सिलिंडरच्या नळ्या असतात, खालच्या रबरी ओ-रिंगमधून पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं, तुमच्यालाही असतील तर बोअरिंगचा प्रश्नच नाही, लायनर किट बदललं की काम झालं. पण लायनर काढल्यावर बाहेरून, पाण्याच्या बाजूनं बारीक खड्डे पडलेत का बघा. पडले असतील तर बहुधा तुम्ही रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालताय, यापुढे कूलंट घाला. ब्लॉकमधली ओ-रिंगची खाच घासून साफ करून मगच नवीन ओ-रिंग घाला, आणि लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतोय ते मोजून कंपनीच्या आकड्याशी जुळवा, तो खाली बसला तर नवीन गॅस्केटही पाणी धरणार नाही. ब्लॉकची लायनरची बैठकच कुजली असेल तर मात्र ती मशीनवर साफ करून खाली शिम (पातळ चकती) घालता येते का ते आधी विचारा.