परिसरशास्त्रातील पदवी

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. तिला परिसरशास्त्र आणि जैवविविधता यांतच पदवी घ्यायची आहे. परंतु जवळच्या महाविद्यालयांत या नावाचा अभ्यासक्रम नाही. काय करावे? (एक पालक, सातारा)

उत्तर : पदवीच्या नावासाठी अडून बसू नये. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी आणि शक्य असल्यास जोडीला संख्याशास्त्र घ्यावे, कारण प्रजातींची गणना, नमुना निवड आणि निष्कर्षांची पडताळणी या साऱ्यांचा पाया तेथेच आहे. शिवाय भारतीय वनसेवेच्या परीक्षेस पात्र ठरणाऱ्या विषयांत हे तिन्ही विषय मोडतात. वनशास्त्राची चार वर्षांची पदवी दापोलीच्या कृषी विद्यापीठातही मिळते. विशेषीकरण पदव्युत्तर स्तरावर करता येते. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत तशी सोय आहे, मात्र जागा मोजक्याच असतात.

माझ्या मते खरा अभ्यास वर्गाबाहेर घडतो, आणि त्या बाबतीत आपली कन्या भाग्यवान आहे. पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचे पठार आहे. जांभ्यावरील मातीचा पातळ थर, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि त्यानंतरचा कोरडेपणा यांमुळे तेथे कोणती वनस्पती कधी फुलते, हे तिने परवानगी व नियम पाळून, फुले न तोडता, तीन वर्षे सलग नोंदवावे. प्रवेशाच्या मुलाखतीत अशा नोंदवहीचा तिला निश्चित उपयोग होईल.