रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर: दरमहा वर्गणी भरावी की एकदाच विकत घ्यावं?

घरी हौसेने गाणी रेकॉर्ड करता, म्हणजे कधी महिनाभर रोज काम आणि कधी चार-चार महिने काहीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग वर्गणीच्या फंदात पडू नका, एकरकमी परवाना घ्या. हात न लावलेल्या महिन्यांचेही पैसे का भरायचे?

मात्र ‘कायमचा परवाना’ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. एफएल स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एकदा घेतलं की पुढचे सगळे अपडेट फुकट. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना दोन मोठ्या आवृत्त्यांपुरता: सातवी घेतलीत तर आठवी संपेपर्यंतचे अपडेट त्यात येतात. किंमत 60 डॉलर, मोठ्या व्यावसायिक कामाला 225. शिवाय 60 दिवस पूर्ण सॉफ्टवेअर चालवून बघता येतं. मी स्वतः हेच वापरतो, तेव्हा माझं मत थोडं झुकलेलं आहे असं समजा. बिटविग या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षभर अपडेट मिळतात. नंतर पैसे भरले नाहीत तरी हातातली आवृत्ती तुमचीच राहते.

तरी कंपनीच्या शब्दावर फार विसंबू नका. मार्च 2023 मध्ये वेव्हज या कंपनीने प्लगइनचे (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचे) कायमचे परवाने विकणं बंद करून फक्त वर्गणी ठेवली. लोक इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. केकवॉक कंपनीने आपल्या सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी आजीवन अपडेट विकले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तिची मालक कंपनी गिब्सनने सोनारचं कामच थांबवलं. (2018 मध्ये बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने ते घेऊन फुकट दिलं, हे ग्राहकांचं नशीब.) क्युबेस हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्गचे जुने परवाने यूएसबी डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीवर असायचे. 2022 मध्ये क्युबेस 12 पासून डोंगल गेला, आता खात्यावर लॉगिन करायचं. सोय झाली खरी, पण परवाना पडताळणारा सर्व्हर शेवटी कंपनीच्याच हातात असतो. त्यात संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की जुनी आवृत्ती चालेलच असं नाही.

वर्गणी कुठे परवडते? एखाद्या स्टुडिओला प्रो टूल्स या सॉफ्टवेअरचं सेशनच (प्रोजेक्ट फाइलच) हवं असेल आणि काम दोन-तीन महिन्यांचं असेल, तर खुशाल भाड्याने घ्या. 2010 मध्ये नववी आवृत्ती येईपर्यंत प्रो टूल्सला ठरावीक हार्डवेअरही घ्यावं लागायचं; त्यामानाने हे भाडं काहीच नाही. महागड्या प्लगइनसाठी ‘रेंट टू ओन’ बघा: हप्ते संपले की वस्तू तुमची.

वर्गणी बंद करण्याआधी प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून वेव्ह (.wav) या ध्वनी फाइलमध्ये काढून ठेवा. मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा याची नोंद) वेगळं एक्सपोर्ट करा आणि टेम्पो, म्हणजे गाण्याची लय, फाइलच्या नावातच लिहा. वर्गणी संपल्यावर काही सॉफ्टवेअर जुना प्रोजेक्ट उघडतात पण सेव्ह करू देत नाहीत, काही उघडतच नाहीत. तुमचं यातलं कुठलं, हे पैसे भरण्याआधी त्यांच्या मदत पानावर वाचून घ्या.